बोलली की दाब

१

सकाळी कामावर गेल्यावर माझी पहिली हाक माणसाला नसते, मशीनला असते. "आत कोण?" एकदा मारते, थांबते, पुन्हा मारते. मग पत्र्यावर पंजा आपटते. त्यानंतरच बटण.

आधी काम सांगते, म्हणजे मला कुणी वेडी म्हणणार नाही. आमची मोठी धुलाई आहे. इस्पितळांच्या चादरी, उशांचे अभ्रे, पडदे, डॉक्टरांचे डगले गाठोड्यांनी येतात आणि घड्या होऊन परत जातात. मधोमध छतापर्यंत भिंत आहे. भिंतीच्या अलीकडे ओली बाजू, पलीकडे कोरडी. कपडे वाळवायची मशीनं त्या भिंतीतच बसवलेली आहेत. प्रत्येकीला दोन तोंडं. ओलं इकडून घालायचं, वाळलेलं तिकडून काढायचं. आम्ही त्यांना पहिली, दुसरी, तिसरी म्हणतो, जशा काही घरच्या सुनाच.

प्रत्येकीच्या पोटात लोखंडी पिंप फिरतं. सगळं भोकाभोकांचं, आत कपडे उलटायला उभ्या पट्ट्या. पिंप एवढं मोठं की वाकून माणूस आत उभं राहतं. आणि राहावं लागतं, कारण चादर कधीकधी पट्टीत अडकून पिळा होऊन बसते. मग कोरड्या बाजूची बाई आत चढते आणि पिळा सोडवते. ती तिकडून चढते आणि बटण असतं इकडे, माझ्या हाताशी. मध्ये भिंत. सगळी गोम तिथे आहे.

म्हणून प्रत्येक बाईचं स्वतःचं कुलूप असतं आणि त्याची किल्ली दोरीने गळ्यात. भिंतीच्या टोकाला दार आहे, तिथे तिन्ही मशीनचे मोठे खटके आहेत. आत शिरणारीने खटका खाली ओढायचा आणि त्याला आपलं कुलूप घालायचं. ती बाहेर येऊन स्वतःच्या हाताने ते काढेपर्यंत मशीनचा बाप आला तरी ते सुरू होत नाही.

शिवाय ही हाक. आत कुणी असेल तर तिने म्हणायचं, "मी आहे, थांबा." दुसरं काही बोलायचं नाही, थट्टा करायची नाही. काही ऐकू आलं नाही, तर पिंप रिकामं.

हे नियम कागदावरून आलेले नाहीत. माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याची गाठ आहे, वाटाण्याएवढी, टणक. इस्त्रीच्या गरम रुळाला जाळी नव्हती तेव्हाची. मी भाजले, मग जाळी बसली. आमच्याकडे प्रत्येक जाळी कुणाच्या तरी हातानंतर बसते.

२

माझी जाऊ, धाकटी, कोरड्या बाजूला आहे. तिला कामाला मीच आणली. दिरासमोर हात आपटून म्हणाले होते, "माझ्या जबाबदारीवर नेते, संध्याकाळी जशी नेली तशी आणून देईन." आमचं घरात पटतं असं नाही. ती भांडं घासते तसं माझं डोकं घासते. पण कामावर माझ्या शब्दाबाहेर जात नाही. निदान तेव्हा जात नव्हती.

त्या दिवशी सकाळी पहिली सुरू केली, दुसरी सुरू केली. तिसरीत ओल्या चादरी घालायच्या आधी दार उघडून नेहमीसारखी हाक मारली, "आत कोण?"

"मी आहे, थांबा."

धाकटीचा आवाज. जरा दमलेला, पण तिचाच. 'थांबा' म्हणताना ती शेवट ओढते, तो ओढलेला शेवटसुद्धा तिचाच.

मी थांबले. ओल्या चादरींची गाडी धरून उभी राहिले. पाणी ठिबकून पायाशी साचलं. ही बया आत करते काय? मी पुन्हा ओरडले, "अगं, चादर सोडवतेस की विणतेस?"

"मी आहे, थांबा."

तेच, तसंच. मग माझं लक्ष भिंतीच्या टोकाच्या दाराशी गेलं. तिसरीचा खटका वर होता. त्याला कुलूप नव्हतं.

माझं डोकंच फिरलं. गाडी सोडून मी दारातून कोरड्या बाजूला गेले. म्हटलं, हिच्या पाठीत आज धपाटा घालते. बघते तर धाकटी लांब टेबलापाशी उभी, तोंडात पिना, अभ्र्यांची घडी घालतेय.

"तू कधी बाहेर आलीस?"

तिने पिना काढल्या. "कुठून?"

"तिसरीतून."

"मी कशाला जाऊ तिसरीत? आल्यापासून इथेच आहे. विचारा हवं तर."

रुळावर काम करणारी जाडी बाई, आमची रुळावरची, तिने मान हलवली. "इथेच आहे हो. मघापासून तुमच्याच चुगल्या करतेय, मला चांगलं पाठ आहे."

मी वाकून तिसरीत बघितलं. पिंप रिकामं होतं. पलीकडच्या तोंडातून ओल्या बाजूचा दिवा दिसत होता.

३

माझं डोकं साधं आहे. चार यत्ता शिकले, त्यात भूत कुठे आलं नाही. म्हणून मी कारण शोधलं.

वाफेच्या नळात हवा अडकली की नळ कण्हतो, ते ठाऊक होतं. पण नळ माझ्या जावेच्या आवाजात कशाला कण्हेल? मग वाटलं, पलीकडून कुणीतरी पिंपात तोंड घालून नक्कल करतंय. त्या पोरींना चेष्टेची खाज आहेच. दुसऱ्या दिवशी मी धाकटीला दंडाला धरून ओल्या बाजूला आणली, माझ्या शेजारी उभी केली. रुळावरचीला सांगितलं, पलीकडच्या तोंडापाशी उभी राहा, कुणाला जवळ येऊ देऊ नकोस.

"ताई, दंड सोडा, वळ उठेल."

"उठू दे. गप्प उभी राहा." आणि पिंपात तोंड घालून मी ओरडले, "आत कोण?"

"मी आहे, थांबा."

मी धाकटीच्या तोंडाकडे बघत होते. तिचे ओठ मिटलेले होते. पिंपाच्या पलीकडच्या तोंडात रुळावरचीचा चेहरा दिसत होता, आणि तो चेहरा चादरीइतका पांढरा झाला होता.

"ऐकलंस?" मी धाकटीला विचारलं.

"काय?"

"आता बोललं ते."

"कोण बोललं? तुम्हीच ओरडलात. माझ्या कानाचे पडदे फाटले."

मी पुन्हा हाक मारली. पुन्हा उत्तर आलं, आमच्यासमोर, हातभर अंतरावरून. ओल्या बाजूच्या दोघीतिघी जणी हातातलं टाकून मागे सरल्या. धाकटी मात्र एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सगळ्यांनी मिळून माझी थट्टा लावलीय," ती म्हणाली. "नवी होते तेव्हा ठीक होतं. आता पुरे."

तिला खरंच ऐकू येत नव्हतं. सगळ्यांना येत होतं, फक्त तिला नाही.

रात्री जेवताना मी तिच्याकडे चोरून बघत होते. ती वाढत होती, बोलत होती, दिराला टोमणे मारत होती. तिच्या बोलण्यात 'थांबा' आलं की मी उचललेला घास परत ताटात ठेवायचे.

४

आमच्या सुपरवायझरला आम्ही पाठीमागे 'आटपा' म्हणतो. वयाने माझ्या भाच्याएवढा. तोंडात तोच एक शब्द. आटपा, गाडी आली. आटपा, फोन येतोय. मनाने वाईट नाही, पण त्याच्या पायाखाली कायम निखारे असतात.

बायकांनी तिसरीच्या खटक्याला आपापली कुलपं घातली. एकीचं बघून दुसरीने, तिचं बघून आणखी एकीने. कुलपांचा घोस झाला. मीही माझं घातलं. मग आटपा धावत आला.

"मावशी, हे काय?"

"आत कुणीतरी आहे."

त्याने वाकून बघितलं. "कुणी नाही."

"हाक मारा."

"मावशी, मला चेष्टेला वेळ नाही."

"मारा तर."

त्याने हसत हाक मारली. उत्तर आलं तेव्हा हसू त्याच्या तोंडावर तसंच राहिलं, काढायला विसरलेल्या टोपीसारखं. बराच वेळ तो पिंपात बघत होता. मग त्याने खिशातून रुमाल काढला, मान पुसली आणि म्हणाला, "नळाचा आवाज आहे."

"नळ बाईच्या जातीचा दिसतो," रुळावरची म्हणाली. कुणी हसलं नाही.

दोन दिवस तिसरी बंद राहिली. ओल्या चादरींचे ढीग झाले, त्यांना आंबूस वास सुटला. इस्पितळातून वरच्या साहेबांना फोन गेले, वरून आटपाला आले. तिसऱ्या दिवशी त्याने आम्हाला सगळ्यांना उभं करून कुलपं काढायला लावली आणि एका पिशवीत गोळा केली.

"आता कुलपं माझ्या खोलीत राहतील. खरंच आत जायचं असेल तर मागून न्यायची."

"तुमची खोली वरच्या मजल्यावर," मी म्हटलं. "एका चादरीसाठी जिना कोण चढेल?"

"मग चढू नका."

"साहेब, तेच होईल. चढणार नाहीत, आणि आत तर जातील."

तो घड्याळाकडे बघत होता. "आटपा," म्हणाला.

५

भीतीला सवय लागते, हे मला त्या दिवसांत कळलं. आठवडाभर बायका तिसरीसमोरून जीव मुठीत धरून जायच्या. मग नुसत्या जायच्या. मग जाताना तिला टपली मारून जायला लागल्या.

एक गोष्ट सगळ्यांच्या ध्यानात आली होती. एकदा रुळावरची चादर सोडवायला आत चढली होती. कुलूप वरून आणलं होतं, तिचं सगळं नियमाने असतं. मी इकडून मुद्दाम हाक मारली. मला बघायचं होतं, दोघी बोलतात का.

"मी आहे, थांबा, आणि ओरडू नका, घुमतंय इथे!" ही रुळावरची. तिच्या मागे दुसरा आवाज आला नाही. ती उतरली, मी पुन्हा हाक मारली, आणि लगेच तो दुसरा आला. जागा रिकामी व्हायची वाट बघत असल्यासारखा.

म्हणजे पिंपात माणूस असेल तर ती गप्प बसते. रिकामं असेल तरच बोलते.

झालं. पोरींनी नियमच उलटा करून टाकला. मी हाक मारायची, पिंप बोलायचं, आणि मागून कुणीतरी म्हणायची, "बोलली, दाब!" बोलली म्हणजे मोकळी आहे, दाब बटण. त्याचं गाणं झालं, हसणं झालं. मीसुद्धा दाबायला लागले. काय करणार? बोट ठेवताना कानात 'थांबा' घुमत असायचं आणि बोट दाबायचं. रोज कुणीतरी थांब म्हणायचं आणि रोज मी थांबायचे नाही. पिंप फिरायला लागलं की आवाज तुटायचा. तो थांबायचा नाही, तुटायचा. हे मी कुणाला बोलले नाही.

आमचा फिटर, तारमास्तर, म्हातारा आहे. काहीही बिघडलं की तारेने बांधतो. तिसरीच्या मागच्या, म्हणजे कोरड्या बाजूच्या दाराचा खटका सैल झाला होता. ते दार नीट लागलं नाही की मशीन बंद पडायचं, आणि दार कधीच नीट लागायचं नाही. आटपा म्हणाला, "काहीतरी करा." मास्तरने त्या खटक्यावर तारेचे वेढे दिले आणि तो कायमचा दाबून टाकला. आता मागचं दार उघडं असो की मिटलेलं, मशीनला पत्ताच लागत नव्हता.

"मास्तर, ही तार काढा," मी म्हटलं.

"नवा खटका येईस्तोवर राहू दे बाई. सामान मागवलंय."

"तोवर माणूस कापलं गेलं तर?"

"तू हाक मारतेसच की," म्हातारा म्हणाला. "तुझी हाक वेशीबाहेर ऐकू जाते."

कुलूप गेलं, दाराचा खटका गेला. उरली माझी हाक, आणि तिला तर रोजच उत्तर येत होतं.

६

त्या सकाळी घरातच भांडण झालं. मी धाकटीला म्हटलं, "तू तिसरीपाशी जाऊ नकोस. मी आटपाला सांगून तुला गाठोडी बांधायला देते."

"का? जो आवाज मला येत नाही त्याला मी का भिऊ?"

"तुझा आवाज आहे तो, म्हणून."

"माझा आवाज माझ्याजवळ आहे. तुम्हाला नको असेल तर तसं सांगा, बंद करते." आणि ती न खाता, डबा तसाच ओट्यावर ठेवून निघाली. रस्ताभर माझ्यापुढे चालत होती. पाठ ताठ. मी मागून बडबडत होते, ती वळली नाही.

दुपारी इस्पितळाची गाडी वेळेआधी आली. आटपाने कोरड्या बाजूच्या सगळ्या बायकांना गाठोडी उचलायला बाहेर काढलं. तिसरीचा एक घाणा नुकताच संपला होता, पिंप अजून तापलेलं होतं. मी पुढचा घाणा घालायला गाडी लोटत आणली, दार उघडलं. आतून गरम हवेचा लोट तोंडावर आला. मागचं दार लोटलेलं होतं, त्यामुळे आत अंधार. तळाशी चादरींचा एक बोळा दिसत होता. काढायच्या राहिल्या असतील.

"आत कोण?"

काही नाही.

पहिल्यांदा मला काय चुकतंय तेच कळलं नाही. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं झालं. मग मी पुन्हा हाक मारली, जोरात.

काही नाही. पत्रा तडतडत निवत होता, तेवढाच आवाज.

आटपा मागे येऊन उभा राहिला होता. त्यानेही कान दिला होता. त्याचा चेहरा एकदम उजळला. "गेली! मावशी, गेली ती बला. घाला चादरी, दाबा. गाडी उभी आहे."

त्याचं चूक नव्हतं. नियम तोच होता, आमचा पहिला, खरा नियम. उत्तर नाही म्हणजे पिंप रिकामं. मीच तो पोरींना शिकवला होता.

माझ्या हातात ओली चादर होती. बोट बटणाजवळ.

"बोलली नाही," मी म्हटलं.

"तेच तर! दाबा."

"साहेब, बोलली नाही." मी बोट मागे घेतलं. "धाकटी कुठेय?"

"गाडीवर असेल. सगळ्या गाडीवर आहेत."

"बघितलीत तिला?"

त्याने वळून गाडीच्या दिशेला बघितलं.

मी चादर फेकली. त्याच्या बाहीला धरून त्याला दारापर्यंत ओढत नेला, तिसरीचा खटका खाली खेचला आणि त्याचा हात त्यावर ठेवला. "कुलूप तुमच्या खोलीत आहे ना? मग आता तुम्ही कुलूप. मी सांगेपर्यंत हा हात हलला, तर साहेबबिहेब बघणार नाही."

तो हलला नाही. एवढं त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

७

मी पुढच्या तोंडातूनच आत चढले. पदर खोचला, गुडघे टेकले. पत्र्याने गुडघे भाजले. आत हवा नव्हती, नुसता गरम कापूस कोंबल्यासारखं होतं. भोकांमधून उजेडाचे ठिपके येत होते, पण त्यांनी काही दिसत नव्हतं, नुसते ठिपकेच दिसत होते.

"धाकटे!"

बोळ्याला हात लावला. चादरी, आणि चादरींच्या खाली जड, मऊ काहीतरी. मी चाचपत राहिले. एक हात सापडला. मी तो मनगटात धरला आणि त्या हातानेही मला धरलं, घट्ट. माझा जीव भांड्यात पडला. शुद्धीवर आहे, म्हटलं.

मग जाणवलं, की तो हात थंड आहे. त्या भट्टीत, जिथे पत्र्याला कातडी चिकटत होती, तिथे तो ओल्या चादरीसारखा थंड होता. पण तेव्हा कोण विचार करतं? मी गुडघ्यांवर मागे सरकत ओढायला लागले. तो हात मला सोडत नव्हता. उलट, मी ओढतेय त्याहून जास्त तोच ढकलतोय असं वाटत होतं, माझ्याकडे, तोंडाकडे, बाहेर. माझी बोटं त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी गेली. तिथे एक टणक गाठ होती.

उजेडात आल्यावर मी मागे पडले आणि धाकटी माझ्या अंगावर आली. डोळे मिटलेले, तोंड लालबुंद, ओठ फुटलेले, कपाळावर पट्टीला आपटल्याची खोक. श्वास चालू होता. आटपा तिथूनच ओरडला, "आहे का?" मी ओरडले, "आहे! पाणी आणा! हात काढा आता, पाणी आणा!"

तिला मोकळं करायला मी चादर सोडवू लागले. चादर तिच्याभोवती गळ्यापासून खालपर्यंत पिळली गेली होती, अंगावर घट्ट. तिचे दोन्ही हात आत होते. दोन्ही. छातीशी दुमडलेले, चादरीच्या चार-चार वेढ्यांखाली. सोडवायला मला कात्री लागली.

मी तिचा उजवा हात बाहेर काढून अंगठा बघितला. गुळगुळीत होता.

मग मी माझा बघितला.

८

पोट रिकामं, त्यात ती उष्णता. "पटकन जाऊन येते म्हटलं," ती इस्पितळात म्हणाली. "जिना कोण चढेल?" पिळ्यात शिरून तो आतून सोडवताना तिला भोवळ आली होती, आणि गडगडताना पिळा अंगाभोवती आवळला असणार. पुढचं काही आठवत नव्हतं. मी जवळ बसून तिला शिव्या घातल्या आणि भरवलं. तिने दोन्ही मुकाट्याने घेतलं.

कामावर परत गेले त्या दिवशी आधी मी तारमास्तरची पक्कड उचलली आणि मागच्या दाराची तार स्वतः तोडली. नवा खटका येईपर्यंत तिसरी बंद राहील म्हणून सांगितलं. आटपाने कुलपांची पिशवी आपणहून खाली आणली, एकेकीच्या हातात तिचं कुलूप दिलं. कुणाशी नजर मिळवत नव्हता. 'आटपा' हा शब्द त्याच्या तोंडून त्यानंतर मी ऐकला नाही. खटका दोन दिवसांत आला. आधी महिनाभर येत नव्हता तो.

धाकटी कपाळावर पट्टी घेऊन परत आली. दीर नको म्हणत होता, ती म्हणाली, मी जाणार. त्याच सकाळी तिसरी पुन्हा सुरू व्हायची होती. सगळ्याजणी जमल्या होत्या. कोरड्या बाजूच्यासुद्धा इकडे येऊन उभ्या होत्या, एकजणही पलीकडे नव्हती. खटका वर, कुलूप कुणाचं नाही. मी स्वतः आत हात फिरवून बघितला होता. पिंप रिकामं होतं, थंड होतं.

मी हाक मारली. "आत कोण?"

काही नाही.

मी बोट मागे घेतलं. पुन्हा हाक मारली. काही नाही. मी वळून डोकी बघितली. रुळावरची, धाकटी, ओल्या बाजूच्या, सगळ्या होत्या. तारमास्तर होता. आटपा होता.

"बोलत नाहीये," मी म्हटलं. "कोण कमी आहे? बघा, कोण आत आहे?"

कुणी हललं नाही. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मशीनकडे नाही, माझ्याकडे. रुळावरचीने तोंडाला पदर लावला होता.

"ताई," धाकटी म्हणाली, "बोलली की."

"कधी?"

"आता. दोन्ही वेळा." ती जवळ आली. "यावेळी मलासुद्धा ऐकू आलं."

"कुणाच्या आवाजात?"

ती माझ्या कामाच्या डगल्याचं बटण लावत राहिली. ते लागलेलंच होतं.

मी बराच वेळ त्या गोल काळ्या तोंडाकडे बघत उभी राहिले. कान देऊन ऐकलं. नळातली वाफ ऐकू आली, छतावरचा पंखा ऐकू आला. माझं काही मला ऐकू आलं नाही.

मग मी बाजूला झाले आणि धाकटीला माझ्या जागी उभी केली.

"आजपासून तिसरीला हाक तू मारायचीस. कुलूप बघायचं, दार बघायचं, हात घालून बघायचं, आणि मग हाक. मी बोलले तर दाब. मी गप्प राहिले, तर कुणी काहीही म्हणो, बोट मागे घ्यायचं आणि मला शोधायचं. कळलं?"

तिने हसायचा प्रयत्न केला. "तुम्ही आणि गप्प?"

एरवी या वाक्यावर सगळी धुलाई हसली असती.

धाकटीने पिंपात तोंड घातलं. "आत कोण?" तिचा आवाज घुमला आणि विरला. मला पुढे काही ऐकू आलं नाही. पण त्या सगळ्यांच्या माना एकदम जराशा वळल्या, कुणीतरी बोलतंय तिकडे वळाव्या तशा. धाकटी ऐकत होती. शेवटपर्यंत ऐकत होती. मी बोलते तेव्हा ती कधी एवढं ऐकत नाही.

"बोलल्या," ती म्हणाली, आणि बटण दाबलं.